यादीतला तोफगोळा

भाईंदर पूर्वेच्या एखाद्या कारखान्यात लेथवर कातलेला पोलादी भाग निर्यातीच्या दृष्टीने केव्हा नुसता सुटा भाग असतो आणि केव्हा शस्त्र ठरतो? याचे उत्तर परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाच्या ‘स्कोमेट’ यादीतील सहाव्या वर्गात आहे. वासेनार व्यवस्थेत प्रवेश मिळण्याआधी, २०१७ साली, हा वर्ग तपशिलाने भरण्यात आला. वस्तू खास लष्करी उपयोगासाठी घडविलेली आहे काय, ही त्याची मुख्य कसोटी. तशी असेल तर संरक्षण उत्पादन विभागाची अनुज्ञा लागते.

वर्गीकरण चोख आहे. पण ते वस्तूचे आहे. खडकी वा वरणगावला तयार झालेला दारूगोळा कोणावर पडेल, हे यादी सांगत नाही. परवाना देताना अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र पाहिले जाते, हे खरे. पण तो निर्णय बंद दाराआड होतो आणि प्रत्येक परवाना संसदेपुढे मांडण्याचे बंधन कायद्यात नाही. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात रोखावी, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२४ रोजी फेटाळली. परराष्ट्र धोरण हे शासनाचे क्षेत्र, असे न्यायालय म्हणाले. ठीक, मग शासनाला जाब विचारणाऱ्या सभागृहाला तरी तपशील नको काय?

२०२४-२५ मध्ये संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली, हे अभिमानाने सांगितले जाते. ब्रिटन दर तिमाहीस देशवार परवान्यांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. तेथील शस्त्रविक्री त्यामुळे सोवळी झाली, असे मुळीच नाही. पण लोकप्रतिनिधींच्या हाती कागद तरी असतो. आपल्या खासदारांनी येत्या अधिवेशनात तोच मागावा: सहाव्या वर्गातील परवाने, देशवार आणि वस्तुवार.