पाच निबंध आणि एक पोस्टकार्ड

वडगाव निंबाळकरचा आमचा भाचा परवा दिवाळीआधीच दारात उभा. पिशवीत करंज्या असतील म्हटले, तर निघाले मोबाईलवर शोधून छापून आणलेले पाच इंग्रजी शोधनिबंध!

"मामा, पाचही जण जिप्सम टाका म्हणतात. दोन एकर चोपण झालंय. सोसायटीचं कर्ज काढू?"

कर्जाचे नाव निघाले की चष्मा पुसावाच लागतो. वाचायला बसलो. दोन निबंधांत स्वतःचा प्रयोगच नव्हता; दोघेही तिसऱ्याचाच हवाला देत होते. म्हणजे साक्षीदार पाच नव्हेत, तीन. त्यांतला एक प्रयोग कुंडीतला. कुंडीला खाली भोक असते हो, शेताला कुठले? दुसरा आपल्याकडच्या काळ्या मातीतला, पण एकाच हंगामाचा. मातीचा सामू मोजला, उसाचे टनेज नाही. तिसरा, ज्याचा हवाला दोघांनी दिला होता तो, कर्नालकडचा. काम चोख, शेजारी जिप्समविना राखलेला पट्टाही होता. परंतु ती गाळाची जमीन. आपली काळी चिकण माती पाणी सोडायला महाआळशी.

"बापू, माती तपासलीस?"

"नाही. वर पांढरा थर येतो की!"

इथेच मेख होती. पाचही निबंध खऱ्या चोपण जमिनीचे. तिचा सामू साडेआठच्या वर असतो. चिकटलेले सोडियम जिप्सममधल्या कॅल्शियमने सुटते, आणि तेही चर काढून बाहेर घालवावे लागते. पांढऱ्या थराची जमीन पुष्कळदा नुसती क्षारयुक्त असते. तिला चर हवा, गोड पाण्याची धुलाई हवी. तिथे जिप्समचे पैसे पाण्यात!

गंमत अशी, की नीरा डावा कालवा १८८५ चा, आणि याच खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर डॉ. हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांची पुस्तिका १९१० साली निघाली आहे. भाच्याने शोधताना 'जिप्सम' शब्द घातला, 'नीरा' घातलाच नाही. घरची साक्ष राहिली बाहेर.

मग त्याला एकेका निबंधाचा गोषवारा पोस्टकार्डावर मावेल एवढा लिहायला लावला : माती कोणती, तुलनेला काय ठेवले, हंगाम किती, पीक किती वाढले, आणि काय मोजलेच नाही. शेवटची ओळ निबंधकार सहसा देत नाहीत. ती आपणच हुडकायची. कुंडीवाल्याच्या कार्डावर भाच्याने लिहिले, "निचरा आयता."

सकाळी मातीची पिशवी घेऊन तो बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे गेला. कर्जाचा अर्ज मात्र फाडला नाही; घडी घालून खिशातच ठेवला.