चावी कुणाच्या कमरेला?

दोस्तहो, सध्या आपल्या पोरांत एकच भांडण पेटलंय. अंक वेबसाइटवर टाकायचा हे ठरलं. पण कसा? अर्धे म्हणतात वर्डप्रेस घ्या, लॉगिन करा, मजकूर चिकटवा, बटण दाबा, झालं. अर्धे म्हणतात, नको ती ब्याद, साध्या एचटीएमएलच्या फायली करा आणि ठेवून द्या. दोन्हीकडून इंग्रजी शब्दांचे दगड सुटतात आणि अंकात ज्यांनी लिहायचं ते गप बसून ऐकतात. असल्या भांडणात गप बसणाऱ्याचंच नुकसान होतं.

भानगड एवढीच आहे. वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला ही सीएमएसवाली जमात. हिच्यात मजकूर डेटाबेसात कोंबलेला असतो. वाचकानं पान मागितलं की सर्व्हरवर प्रोग्राम चालतो, डेटाबेसातून लेख हुडकतो, त्याला डोकं-पाय जोडतो आणि पाठवतो. दर वाचकामागं ही हमाली. बोट धक्क्याला लागल्यावर गोदाम उघडून माल बांधायला बसावं तसं. स्टॅटिक साइटीत खोकी आधीच बांधून धक्क्यावर रचलेली. वाचक आला, फाईल उचलली, दिली. (कॅशे लावलं की वर्डप्रेससुद्धा बांधलेली खोकी देतं. पण त्यासाठी बहुतेक वेळा आणखी एक प्लगइन लागतं, म्हणजे सांभाळायला आणखी एक लेकरू.)

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यानं सर्नमध्ये पहिली वेबसाइट लोकांपुढं ठेवली, ती असल्याच साध्या पानांची. २०१३ साली सर्ननं तिची जुनी प्रत परत जागेवर आणली. आजच्या ब्राउझरात ती पानं गुपचूप उघडतात. दहा वर्षं हात न लावलेलं वर्डप्रेस असं उघडेल, याची हमी घ्यायला कोण पुढं येतो?

तरी वर्डप्रेसला उगाच शिव्या घालू नका. २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते काढलं, मुक्त परवान्यावर. कुणीही उचला, बदला, वाटा. आज जगातल्या दर १० वेबसाइटींमागं ४ च्या आसपास त्यावर चालतात, त्या उगाच नव्हेत. कोडाची एक ओळ न शिकता, हातातल्या मोबाइलवरून, कुणाच्या पाया न पडता माणूस छापतो. ही लहान गोष्ट नाही. स्टॅटिकवाल्यांनी ह्याचं उत्तर द्यावं. तुमचं ते ह्यूगो, जेकिल, गिट, ती काळी खिडकी येते किती जणांना? दोघांना. मग बाकीच्यांनी वेलांटी दुरुस्त करायला त्या दोघांच्या दारात उभं राहायचं? नवा भट आपणच घडवायचा काय?

आता दुसरी बाजू. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७ मधलं एक भोक जाहीर झालं. पुढं ड्रुपलच्याच सुरक्षा पथकानं सांगून टाकलं, की जाहीर झाल्यापासून ७ तासांत ज्यानं दुरुस्ती केली नाही, त्यानं आपली साइट फुटली असंच धरून चालावं. सात तास! आपल्या घड्याळात रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार. कोण जागं होतं? पगारी माणसं ठेवलेल्या कंपन्या. वर्डप्रेसची भोकं तर बहुतेक प्लगइनांत निघतात, आणि प्लगइन लिहिणारा कधी कंटाळून निघून जाईल ते सांगता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ह्या होस्टिंग कंपनीचं वाजलं, तर त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांची अपडेटं अडकली. भांडण शेठांचं, चटका भाडेकऱ्याला.

स्टॅटिकवालेही शेठच्याच ओसरीवर झोपतात म्हणा. गिटहब पेजेस फुकट आहे, पण गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचं. फरक इतकाच, की ओसरीवरून हाकललं तर फोल्डर उचलायचा आणि दुसरीकडं मांडायचा. पेनड्राइव्हवरही राहतो. डेटाबेस हलवताना अक्षरांची मांडणी चुकली की देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात, ओळीच्या ओळी.

आमचं मत उघड आहे. आपला अंक एकदा निघाला की बदलत नाही. न बदलणाऱ्या मजकुराला रात्रंदिवस धडधडणारं इंजिन कशाला? अंक स्टॅटिकच ठेवा. ज्या मंडळाला रोज सूचना टाकायच्यात, दहा हातांनी लिहायचंय, त्यांनी बेलाशक वर्डप्रेस घ्यावं. अपडेटची पाळी मात्र लावावी, जशी पाण्याच्या नळावर लावतात.

पण आमची एक अट आहे. निदान सहा जणांनी एचटीएमएल शिकायचं, त्यात तीन पोरी. एचटीएमएल म्हणजे वेद नव्हे. परिच्छेद, मथळा, दुवा, चित्र. एवढ्या चार खुणांवर अख्खा अंक उभा राहतो. दोन रविवारांचं काम. ह्यूगो-बिगो नंतर बघू.

आणि एक गोष्ट ह्या भांडणात कुणीच काढली नाही. आपले जुने अंक श्रीलिपी, कृतिदेवच्या जुन्या फाँटांत पडलेत. ते आधी युनिकोडात आणा. नाहीतर वर्डप्रेस घ्या की स्टॅटिक करा, वाचकाला कचराच दिसणार. नुसते स्कॅन चढवले तर चित्र दिसेल, पण त्यातली कविता शोधून सापडणार नाही. ह्या कामाला बसायला मात्र दोन्ही बाजूंचे वीर गायब.

शेवटी डोमेन. त्याचे पैसे मुदतीत भरले नाहीत तर नाव जातं, दुसरा उचलतो. ते एकाच्या खाजगी ईमेलवर घेऊ नका. मंडळाचा ईमेल काढा, पासवर्ड तिघांकडं ठेवा, नूतनीकरणाची तारीख वर्गणीच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. यंदाची वर्गणी अजून अकरा जणांकडून यायची आहे.