भुसावळची कबर

अजिंठ्याचीं लेणीं मुलांबाळांसह पाहून न आलेलें घर आमच्या जळगांव-धुळ्याकडे क्वचितच सांपडेल. परंतु त्या चित्रांपायीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्या मेजर रॉबर्ट गिल यांची कबर भुसावळास आहे, हें कितीजणांस ठाऊक असेल?

गिलसाहेबांचा जन्म १८०४ सालचा. पेशा मद्रास पलटणींतील अधिकाऱ्याचा. भिंतींवरील चित्रें नष्ट होण्यापूर्वीं त्यांच्या प्रतिकृति करून घ्याव्या, म्हणून कंपनी सरकारनें १८४४ मध्यें त्यांची नेमणूक केली. तलवार ठेवून त्यांनीं कुंचला हातीं घेतला आणि निजामच्या मुलुखांतील अजिंठा गांवीं बिऱ्हाड केलें. त्या एकांतांत पारो नांवाच्या स्थानिक स्त्रीचा स्नेह त्यांस लाभला. ती १८५६ त वारली. तिची समाधि त्या गांवीं आहे. कविवर्य ना. धों. महानोर यांनीं याच कथेवर ‘अजिंठा’ हें दीर्घकाव्य रचलें.

अंधाऱ्या लेण्यांत वर्षानुवर्षें खपून केलेलीं भव्य तैलचित्रें विलायतेस गेलीं, आणि लंडननजीक सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलीं गेलीं. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली व त्यांतील बहुतेक भस्मसात् झालीं! त्या वेळीं गिलसाहेबांचें वय बासष्ट होतें. दैवास बोल लावून ते स्वस्थ बसते, तर कोणीं त्यांस दोष दिला असता? परंतु ते पुनः कामास लागले. छायाचित्रणाची नवी विद्या तर त्यांनीं आधींच आत्मसात केली होती. १८७९ मध्यें त्यांचा अंत झाला. धुळें हें मुख्य ठाणें असलेल्या तेव्हांच्या अखंड खानदेशाच्या मातीनेंच त्यांस पोटांत घेतलें.

पुढें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं १८७२ पासून पुनः प्रतिकृति केल्या; त्यांपैकींही पुष्कळ १८८५ त लंडनलाच जळाल्या. मूळ चित्रें मात्र आपल्या उंबरठ्याशीं आहेत, आणि हळूहळू विरत आहेत.

परीक्षेंत एकदां अपयश येतांच खचणाऱ्या मुलांस घरांतील वडील मंडळींनीं हें चरित्र अवश्य सांगावें. लेण्यांतील भिंतींवर स्वतःचें नांव कोरूं पाहणाऱ्यांस तर तें दोनदां सांगावें, अशी आमची विनंति आहे.