आधी फार्मासिस्ट दुकानात हवा

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४पासून घसादुखी, कानदुखी, नागीण अशा सात तक्रारींसाठी डॉक्टरची वेळ न घेता थेट औषधाच्या दुकानात जाता येतं. लघवीला जळजळ होते म्हणून एखादी बाई आली, तर फार्मासिस्ट तिला आतल्या खोलीत बसवतो. ताप येतो का, पाठीत बरगडीखाली दुखतं का, दिवस गेलेत का, हे विचारतो. वय १६ ते ६४च्या दरम्यान असेल आणि धोक्याचं लक्षण नसेल, तर तीन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. नाहीतर डॉक्टरकडे रवानगी. दिलेल्या औषधाची नोंद तिच्या डॉक्टरकडेही जाते.

फार्मासिस्टला दिलेला हा अधिकार योग्यच आहे, असं आम्हाला वाटतं. औषधं हाच ज्यांचा अभ्यास, त्यांना नुसतं पाकीट पुढे सरकवायला ठेवणं म्हणजे शिक्षण वाया घालवणं.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आपल्याकडेही मिळतं. पण ते कुणी काही न विचारता, पट्टीतून चार गोळ्या कापून. प्रमाणपत्र भिंतीवर असतं, ते ज्याचं तो माणूस अनेकदा दुकानात नसतो. शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या यादीतल्या औषधांची विक्री वहीत नोंदवून ती वही तीन वर्षं जपण्याचा नियम २०१४पासून आहे. किती दुकानांत ती वही खरोखर लिहिली जाते? अधिकार वाढवण्याची चर्चा जरूर व्हावी, पण त्याआधी फार्मासिस्ट दुकानात हजर हवा.

वाचकहो, पुढच्या वेळी औषध घेताना ‘फार्मासिस्ट कोण आहेत?’ एवढं जरूर विचारा.