धावपटूचा गुडघा आणि तालुक्याचे रुग्णालय

मोनॅको येथील डायमंड लीग स्पर्धेत ११ जुलै २०२५ रोजी तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या शर्यतीत, पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला चुकविण्याच्या प्रयत्नात अविनाश साबळे याचा तोल गेला आणि त्याची शर्यत तेथेच संपली. गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटला होता. दोन हाडांमधील कूर्चेची गादीही फाटली होती. शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात टोकिओ येथे झालेल्या जागतिक स्पर्धेला तो मुकला. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा हा तरुण सैन्यात गेला, तेथे धावू लागला आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूंच्या रांगेत घुसून रौप्यपदक घेऊन आला. स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष म्हणून पॅरिसमध्ये २०२४ साली त्याची नोंद झाली. अशा खेळाडूच्या गुडघ्याची देशाला चिंता वाटावी, हे स्वाभाविकच होते. अव्वल दर्जाच्या खेळाडूला शल्यविशारद, फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ मिळावेत अशी व्यवस्था २०१४ च्या ऑलिंपिक पदक योजनेपासून बऱ्याच अंशी उभी राहिली आहे, आणि ती राहिली हे चांगलेच झाले.

परंतु अव्वल दर्जा गाठल्यानंतर लाभणारी ही व्यवस्था त्या वाटेवर असताना बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे पाच वाजता डांबरी रस्त्याने धावणारी मुले दिसतात. कोणाला पोलीस व्हायचे असते, कोणाला सैन्यात जायचे असते, एखाद्याच्या मनात साबळे असतो. यांतील कोणाची नडगी किंवा टाच दुखू लागली की पुढे काय होते, याचा विचार क्रीडाखाते करीत नाही आणि आरोग्यखातेही करीत नाही. तो प्रश्न दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडलेला आहे.

फिजिओ हा शब्द मराठी घरांत आला तो क्रिकेटमुळे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून अली इराणी हे भारतीय संघाबरोबर असत. फलंदाजाला चेंडू लागला की पेटी घेऊन मैदानावर धावत येणारे त्यांचे रूप दूरदर्शनमुळे सर्वांच्या परिचयाचे झाले. त्यातून एक समजूत मात्र रुजली, की फिजिओ म्हणजे फवारा मारून खेळाडूला पुन्हा उभे करणारा माणूस. वस्तुत: भौतिकोपचाराचे खरे काम मैदानावर दिसतच नाही. ते शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा दुखापतीनंतरच्या कंटाळवाण्या महिन्यांत चालते, आणि त्यात छायाचित्र काढण्याजोगे काही नसते.

गुडघ्याचेच उदाहरण घ्यावे. तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शल्यविशारद रुग्णाच्याच शरीरातील कंडरेचा तुकडा बसवितो. हा तुकडा बसविल्या दिवसापासून बळकट होत जातो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे तो दुबळाच होत जातो. शरीर त्याची जुनी वीण उसवून नवी विणत असते. इकडे गुडघ्याला सूज असल्याने मांडीच्या पुढच्या स्नायूला मज्जासंस्थेकडून पुरेशी आज्ञाच जात नाही आणि तो झपाट्याने रोडावतो. वेदना मात्र या सर्वांच्या आधी थांबते. खेळाडूला वाटते आपण बरे झालो. गुडघा बरा झालेला नसतो. वळण्या-उड्यांचे खेळ खेळणाऱ्यांच्या अशा शस्त्रक्रियांचा नॉर्वेतील संशोधकांनी अभ्यास केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार, पुनरागमन नऊ महिन्यांपर्यंत जितके लांबवावे तितके, दर महिन्यागणिक, गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटत गेले. या नऊ महिन्यांत पाय पूर्ण सरळ करण्यापासून एका पायावर उडी मारण्यापर्यंतच्या पायऱ्या कोणी तरी मोजूनमापून चढवून घ्यावयाच्या असतात. तो कोणी तरी म्हणजे भौतिकोपचारतज्ज्ञ.

लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या, सायकलपटूंच्या, गिर्यारोहकांच्या बहुतेक दुखापती अशा एका क्षणात घडत नाहीत. त्या साचत जातात. गड चढताना दम लागतो, उतरताना गुडघा बोलतो, हा सह्याद्रीत हिंडणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार तोलून धरतो. हाच भार आठवड्यामागून आठवडे सोसण्याच्या शक्तीपेक्षा थोडा अधिक पडत राहिला, की कंडरा किंवा हाड तक्रार करू लागते. त्यावर आपल्याकडचे उपचार ठरलेले आहेत. आराम, शेक, मालिश, गुडघ्याला पट्टा, आणि स्पर्धा तोंडावर असेल तर एक इंजेक्शन. यांपैकी काही वेदनेला उतार देतात, हे नाकारता येणार नाही. तालमीतल्या मालिशवाल्याच्या हाताचे मोल पैलवानालाच ठाऊक. पण भार सोसण्याची शक्ती यांपैकी कशानेही वाढत नाही. चार आठवडे पडून राहिलेला धावपटू रस्त्यावर परततो तेव्हा त्याची कंडरा पूर्वीपेक्षाही दुबळी झालेली असते, आणि तो मात्र जुन्याच वेगाने धावू पाहतो. दुखणे उलटते ते यामुळे.

विश्रांतीवरची ही श्रद्धा केवळ खेड्यातली किंवा अडाण्यांची नव्हे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे चतु:सूत्र १९७८ साली अमेरिकेतील डॉक्टर गेब मर्किन यांनी रूढ केले आणि जगभरच्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांत ते जाऊन बसले. बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे जखम भरून येण्यास विलंबच होण्याचा संभव आहे, असे पुढे मर्किन यांनीच जाहीरपणे लिहिले. ज्याने सूत्र दिले त्याने ते मागे घेतले, तरी पुस्तके बदललेली नाहीत.

स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांची हकिकत याहून बोलकी आहे. ते स्वत: धावत असत आणि टाचेच्या वरची कंडरा दुखत असल्याने हैराण झाले होते. शस्त्रक्रियेला वरिष्ठ तयार होईनात. तेव्हा, असे सांगतात, कंडरा एकदाची तुटावी म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल, या हट्टाने त्यांनी तिच्यावर मुद्दाम भार टाकण्याचा सपाटा लावला. कंडरा तुटली नाही, बरी झाली. १९९८ साली त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवर हाच प्रयोग पद्धतशीर करून प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, एकूण एकशे ऐंशी वेळा, बारा आठवडे. ते पंधराही जण पुन्हा धावू लागले. उपचारासाठी लागले काय, तर एक पायरी. स्वीडनमध्येच २००७ साली झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले, की वेदना ठरावीक मर्यादेत राहत असेल, तर असा व्यायाम चालू असताना धावणेही चालू ठेवता येते. त्याने नुकसान होत नाही.

येथपर्यंत वाचून एखादा क्रीडाशिक्षक दुखणाऱ्या पायाने मुलांना धावायला लावील, तर मात्र अनर्थ होईल. कारण प्रत्येक दुखणे कंडरेचे नसते. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टरने कवायत करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन करून ठेवले आहे. ती पावलांच्या हाडांना गेलेली बारीक चीर होती, हे क्ष-किरणांच्या शोधानंतर कळले. नवशिक्या धावपटूच्या नडगीलाही अशीच चीर जाते. भार वाढला की हाड प्रथम आपला झिजलेला भाग काढून टाकते आणि मग नवा भरते. काढण्याचे काम आठवड्यांत होते, भरण्याला महिने लागतात. या मधल्या काळात हाड कच्चे असते. तेव्हा धावणे चालूच ठेवले तर चिरीचा अस्थिभंग होतो. येथे भार थांबविणे हाच उपचार आहे. पंचाईत अशी की पहिले दोन-तीन आठवडे ही चीर साध्या क्ष-किरण चित्रात बहुधा दिसतही नाही. ‘फोटोत काही नाही, पळ’ असे सांगितले जाते आणि मुलगा पळतो.

एकाच ‘दुखते’ या शब्दाचा अर्थ एका पायात ‘भार वाढव’ असा आणि दुसऱ्यात ‘थांब’ असा होतो. तो ओळखणे, आणि पुढे भार कोणत्या आठवड्यात किती वाढवायचा हे ठरविणे, ही या शास्त्राची विद्या आहे. यंत्रे ही तिची विद्या नव्हे. हे स्पष्ट सांगावयास हवे, कारण शहरांतील अनेक दवाखान्यांनीच लोकांची समजूत उलटी करून ठेवली आहे. रुग्णाला पलंगावर झोपवायचे, विजेचे शेक आणि कंपने द्यायची, दर खेपेचे पैसे घ्यायचे आणि व्यायामाचा कागद शेवटी हातात ठेवायचा, हा क्रम व्यवसायाला सोयीचा असेल. धावपटूच्या पायाला त्याचा उपयोग तात्पुरता असतो.

पोलीस भरतीकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे दुखण्याचे मूळ कोठे आहे ते कळते. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत अलीकडे मैदानी चाचणी आधी आणि लेखी परीक्षा नंतर असा क्रम आहे. मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावावे लागते. पाय गेला की पेपर लिहिण्याचीही संधी गेली. भरती दरवर्षी ठरल्या वेळी होत नाही. दीर्घ काळ काहीच नसते, मग जाहिरात निघते आणि सहा महिने अभ्यासिकेत बसलेला उमेदवार दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ धावू लागतो. हाडाला चीर जाण्यास याहून अनुकूल परिस्थिती प्रयोगशाळेतही निर्माण करता येणार नाही. त्यात आहार अपुरा. मुलींच्या बाबतीत तर अतिश्रम आणि अर्धपोटी राहणे यांमुळे मासिक पाळी बंद होते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये यावर स्वतंत्र निवेदन काढले. आपल्याकडे हा विषय मुलगी प्रशिक्षकाजवळ काढू शकत नाही आणि प्रशिक्षकही तिला विचारीत नाही. नडगी दुखते एवढेच ती सांगते.

या पार्श्वभूमीवर २०२५ साली देशात भौतिकोपचाराविषयी जो मोठा वाद झाला तो कशाबद्दल होता? फिजिओथेरपिस्टांनी नावामागे ‘डॉक्टर’ लावावे की नाही, याबद्दल. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सप्टेंबरात ते लावू नये असे पत्र काढले, लगेच ते मागे घेतले, आणि प्रकरण न्यायालयांपर्यंत गेले. दोन्ही बाजूंचे म्हणणे अगदीच निराधार नाही. रुग्णाची फसगत होऊ नये हे खरे, आणि वर्षानुवर्षे शिकलेल्या तज्ज्ञाला मालिशवाल्याच्या पंक्तीला बसवू नये हेही खरे. पण दोन्ही पक्षांनी जेवढी शाई उपाधीवर खर्च केली तिचा शतांश तरी या तज्ज्ञांच्या वाटपावर खर्च व्हावयास हवा होता. महाराष्ट्राने या व्यवसायासाठी २००२ साली स्वतंत्र परिषदेचा कायदा केला. केंद्राचा कायदा २०२१ मध्ये आला. नोंदणीची सोय झाली. नोंदलेले तज्ज्ञ मात्र मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत दाटीवाटीने आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांत त्यांचे पद नाही. रुग्णालयात दाखल न होता घेतलेले असे उपचार बहुतेक आरोग्य विम्यांतही बसत नाहीत. अस्थिबंधाची शस्त्रक्रिया होऊ शकते, तिच्यानंतरचे नऊ महिने ज्याचे त्याने पाहावयाचे.

वास्तविक या विद्येचे शिक्षण देशात प्रथम सुरू झाले ते याच राज्यात, १९५० च्या दशकाच्या आरंभी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, आणि ते पोलिओने लुळ्या पडलेल्या गरिबांच्या मुलांसाठी. तिचा जन्म सार्वजनिक रुग्णालयातला आहे. ग्रामीण रुग्णालयात एक भौतिकोपचारतज्ज्ञ नेमला, तर तो केवळ धावपटूंच्या कामी येईल असेही नाही. पक्षाघाताचा म्हातारा, कंबर धरलेली ऊसतोडणी कामगार, हात मोडलेला शाळकरी मुलगा, सगळेच त्याच्या दाराशी येतील. नेमणुकीचा खर्च एखाद्या जिल्हा क्रीडासंकुलाच्या प्रेक्षागृहापुढे किरकोळ ठरावा.

शाळांनाही काही करता येण्याजोगे आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१४ साली पंचवीस चाचण्यांचा आणि सव्वीस हजारांवर खेळाडूंचा एकत्रित आढावा घेतला. स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामामुळे दुखापती एक-तृतीयांशाहूनही कमी झाल्या. केवळ अंग ताणण्याच्या व्यायामाने त्यांत फरक पडला नाही. आपल्या शाळांच्या मैदानांवर धावण्यापूर्वी अंग ताणले जाते. बैठका आणि चवड्यांवर उठणे मागे पडले आहे. शिक्षकांच्या उजळणी वर्गात याला एक दिवस देता येईल. गृहखात्यालाही पुढच्या भरतीच्या जाहिरातीत मैदानी चाचणीची तारीख किमान चार महिने आधी देता येईल आणि सोबत आठवड्यागणिक किती धावावे याचे एक पान जोडता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि अंदाजपत्रकात तरतूदही लागत नाही.