ब्रेड कसला, बेनामी खातं!

झुकिनी ब्रेडशी माझं उघड वैर आहे. चवीशी नाही हं! चव उत्तम, म्हणून तर चार तुकडे खाऊन मगच मी विरोधाला उभा राहिलो. माझं भांडण नावाशी आहे.

ऑगस्टात न्यू जर्सीला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. झुकिनी म्हणजे दिसायला काकडी, कुळानं भोपळा. परसात दोन रोपं लावली की या दिवसांत तिला असा ऊत येतो, की शेजारीही दारं लावून घेतात. ८ ऑगस्टला शेजाऱ्याच्या दारात गुपचूप झुकिनी ठेवून पळायचा एक गमतीचा दिवसच तिकडे पाळतात. १९४२ साली याच तारखेला आपण इंग्रजांना 'चले जाव' बजावलं. हे लोक झुकिनीला बजावतात. फरक एवढाच, की इंग्रज गेले.

उरलेली झुकिनी किसून ब्रेडमध्ये जाते. डॉक्टरांनी माझी साखर बंद केलेली, म्हणून मी हात आखडला. बहीण म्हणाली, "घे रे दादा, भाजीच आहे!"

भाजीच म्हणून चार तुकडे झाले. मग माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. कृती मागवून हिशेब मांडला. मैदा ३ कप, तेल १ कप, अंडी ३, किसलेली झुकिनी २ कप आणि साखर? तीही २ कप! म्हणजे ४०० ग्रॅम. झुकिनी भरणार जेमतेम ३०० ग्रॅम, त्यात ९५ टक्के पाणी. हाती उरले १५ ग्रॅम. पंधरा ग्रॅमच्या तारणावर चारशे ग्रॅमचं कर्ज! असं प्रकरण मंजूर करणारा मॅनेजर दुसऱ्या दिवशी घरी बसेल. दोन ब्रेडचे वीस तुकडे धरले, तर तुकड्यामागे पाच चमचे साखर. बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या मी वीस चमचे रिचवले होते!

झुकिनीच्या पाण्यानं ब्रेड मऊ राहतो, हे मान्य. पण दह्याचं असतं म्हणून श्रीखंड कोणी पथ्याला देतं का?

आमची आई कोकणात तवसळी करायची. जून तवसं किसून त्यात तांदळाचा रवा, गूळ, खोबरं. खाली निखारे, झाकणावर निखारे. म्हटलं तर या ब्रेडची मावसबहीणच. पण "काकडीच आहे, खा" असं आईनं कधी सांगितलं नाही. "गोडाचं आहे, एकच तुकडा मिळेल," म्हणायची. गोडाला गोड म्हटलं की हात आपोआप आवरतो. भाजी म्हटलं की सुटतो.

हे सगळं मी तावातावानं ऐकवलं. बहीण ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "आईच्या तवसळीची आठवण आली की करते रे. इथं तवसं कुठून आणू?"

माझं भाषण तिथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ब्रेड मागितला. एकच तुकडा. गोडाचा म्हणून.