जुन्या संगणकाचा वेग वाढवण्याआधी थोडं गणित करूया



शाळेत किंवा घरात एखादा पंधरा वर्षांचा जुना डेस्कटॉप असतोच. मग सातवी-आठवीतलं एखादं हुशार पोर व्हिडिओ बघून सांगतं, "प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू, फुकटात स्पीड वाढेल." काही जण लगेच हो म्हणतात, काही जण ओरडतात. माझं मत असं, की आधी मुलाला सोबत घेऊन फळ्यावर हिशोब मांडावा. माझ्या मते त्यातून उत्तर असंच निघतं, की शाळेच्या कामाच्या संगणकावर हा प्रयोग करू नये.

उदाहरण म्हणून २००७ साली आलेला इंटेलचा 'कोअर २ क्वाड क्यू६६००' घेऊ. त्याच्या बसचा मूळ ठोका २६६ मेगाहर्ट्झ आणि गुणक ९. म्हणजे २६६ × ९ = २३९४, ढोबळमानाने २.४ गिगाहर्ट्झ. गुणक वाढवता येत नाही, तो कंपनीने बांधलेला आहे. म्हणून लोक बायोसमध्ये जाऊन ठोका ३३३ करतात. ३३३ × ९ = २९९७, म्हणजे ३ गिगाहर्ट्झ. वेग २५ टक्के वाढला!

आता मुलांना विचारा, ३० मिनिटांचं काम किती वेळात होईल? बहुतेक जण २५ टक्के कमी करून साडेबावीस म्हणतील. पण ३० ला १.२५ ने भागायचं, उत्तर येतं २४ मिनिटं. तेही सगळं काम एकट्या प्रोसेसरचं असेल तरच. त्यातली १५ मिनिटं जुनी हार्ड डिस्क फाइल शोधण्यात घालवत असेल, तर ती १५ तशीच राहतात. उरलेल्या १५ ची १२ होतात. एकूण २७. एवढा खटाटोप करून वाचली तीन मिनिटं.

अजून वेग हवा असेल तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि खरी मर्यादा इथेच सुरू होते. प्रोसेसरला लागणारी वीज ठोक्याच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ठोका दीडपट केला (३.६ गिगाहर्ट्झ) आणि त्यासाठी व्होल्टेज १२ टक्के वाढवलं. १.५ × १.१२ × १.१२ = सुमारे १.८८. ९५ वॉटच्या चिपची उष्णता १८० वॉटच्या आसपास गेली. पंखा कितीही मोठा बसवला तरी तो चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात खोली किती तापते, हे वेगळं सांगायला नको. जुना एसएमपीएस आणि मदरबोर्डवरचे थकलेले कपॅसिटर यांच्यावरही हा भार पडतोच.

ही भिंत मोठ्या कंपन्यांनाही लागली. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढायचा बेत इंटेलने २००४ मध्ये रद्द केला. पुढच्याच वर्षी एका चिपमध्ये दोन कोअर देण्याची वाट धरली.

दुसरी गोष्ट, संगणक सुरू झाला म्हणजे तो बरोबर चालतोय असं नाही. ठोका जास्त झाला की हिशोबात गुपचूप चूक होऊ शकते, फाइल बिघडू शकते. निकालपत्रकं असलेल्या मशीनवर ही जोखीम कोण घेणार?

आणि वेग वाढवून चिपला नव्या आज्ञा समजू लागत नाहीत. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला लागणाऱ्या काही आज्ञा क्यू६६०० मध्ये मुळातच नाहीत. ठोका कितीही वाढवा, ती आवृत्ती त्यावर चालणार नाही.

मग करायचं काय? संगणकाची वायर काढून आतली धूळ साफ करा. प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. जमल्यास रॅम वाढवा. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे हलकं लिनक्स टाकून बघा. जो फरक ओव्हरक्लॉकने पडत नाही, तो बहुतेक वेळा एसएसडीने पडतो.

पण मुलाची उत्सुकता मारू नका हो. भंगारात जाणारं, ज्यात कुणाचीच फाइल नाही असं मशीन असेल, तर मोठ्या माणसाने शेजारी बसून करू द्या. व्होल्टेजला हात न लावता ठोका पाच-पाच मेगाहर्ट्झने वाढवायचा. प्रत्येक वेळी वेग, तापमान आणि एकाच कामाला लागलेला वेळ वहीत तक्त्यात लिहायचा. तपासायला 'प्राइम९५' वापरा. ते मूळचं मर्सेन मूळसंख्या शोधणारं सॉफ्टवेअर आहे, आणि हिशोब चुकला की थांबून सांगतं. एसएमपीएस मात्र मुलांनी कधीही उघडायचा नाही, वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

त्या तक्त्याचा आलेख काढायला लावा. वेगाची रेषा कुठे अडते आणि तापमानाची कशी चढत जाते, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. शेकडेवारी आणि वर्ग शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. तुमच्या शाळेत करून बघितलंत, तर आकडे जरूर कळवा.